मेंदूसाठी फळं खायची असतील तर ज्यूसर आधी माळ्यावर टाका

"महिनाभर रोज फळं खातोय, डोक्यात काही फरक नाही पडला" ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की आता मी उलट एकच विचारते, खाताय म्हणजे नक्की काय करताय? मग एकेक बाहेर येतं. कुणी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर ज्यूस घेतं, कुणी रात्री टीव्हीसमोर बाऊलभर द्राक्षं संपवतं, कुणी रविवारी एकदम सहा प्रकारची फळं आणून फोटो काढतं आणि मग शुक्रवारपर्यंत एकालाही हात लावत नाही. बिस्किटं, कोल्ड्रिंक, चिप्स जिथल्या तिथेच. यात फळाची काही चूक नाही हो, क्रम चुकतोय. म्हणून हे ओळीने लिहितेय. पायऱ्या गाळू नका, खास करून पहिल्या दोन, कारण त्याच सगळेजण गाळतात.

आणि हे आधीच सांगून टाकते, नंतर भांडायला नको: फळं खाऊन डिप्रेशन बरं होत नाही. ऑस्ट्रेलियातली एक चाचणी २०१७ साली छापून आली, ती नेहमी पुढे केली जाते. डिप्रेशन असलेली ६७ माणसं, १२ आठवडे, एका गटाला आहार सुधारायला मदत केली आणि दुसऱ्या गटाला नुसती गप्पांची सोबत. आहारवाल्यांपैकी साधारण ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळपास गेली, दुसऱ्या गटात ८ टक्के. आकडा छान आहे, पण त्या आहारात दिवसाला ३ फळं होती आणि शिवाय भरपूर भाज्या, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह ऑइल हे सगळं होतं, आणि बरेच जण उपचारही घेत होते. म्हणजे फळ हा त्यातला एक खेळाडू, अख्खी टीम नव्हे. एवढं डोक्यात ठेवून पुढे चला.

१. सुरुवात औषधांच्या यादीपासून, फळांच्या नाही

घरात जी जी औषधं रोज घेतली जातात त्यांची नावं एका कागदावर लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं आहे.

ग्रेपफ्रूट आणि त्याचं मोठं भावंड पपनस, ही दोन फळं आतड्यातल्या एका एन्झाईमला अडवतात. काही औषधं याच एन्झाईमने मोडली जातात, ते अडलं की गोळी तेवढीच घेऊनही रक्तात जास्त औषध पोचतं. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या (सिमव्हास्टॅटिन, अॅटोरव्हास्टॅटिन), अँग्झायटीसाठीचं बुस्पिरोन, फिट्ससाठी आणि कधी मूडसाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन, ही सगळी या यादीत येतात. "सकाळी फळ आणि रात्री गोळी घेते, मग काय होतंय" हा जुगाड इथे चालत नाही, कारण परिणाम २४ तासांहून जास्त टिकू शकतो. साध्या गोड संत्र्याचा हा प्रश्न नाही, त्यामुळे घाबरून सगळी आंबट फळं बंद करू नका.

डिप्रेशनसाठी जुन्या प्रकारच्या एमएओआय गोळ्या चालू असतील तर फार पिकून काळी पडायला आलेली केळी आणि तशीच अतिपक्व फळं टाळायची असतात, डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला असेल तो पुन्हा वाचा.

⚠️ किडनीचा आजार असेल तर इथेच थांबा. केळं, संत्रं यांतलं पोटॅशियम तुमच्यासाठी अडचणीचं होऊ शकतं, किती चालेल ते डॉक्टर किंवा डाएटिशियनलाच विचारायचं. आणि स्टारफ्रूट, म्हणजे आडवं कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं ते फळ, अजिबात नाही. त्यात मेंदूवर परिणाम करणारं एक विष असतं, धडधाकट किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही आणि मग न थांबणारी उचकी, गोंधळल्यासारखं होणं, फिट्स इथपर्यंत मजल जाते. मेंदूसाठी म्हणून खाल्लेल्या फळाने मेंदूलाच त्रास, यापेक्षा वाईट काय.

डायबेटिस असेल तर फळं बंद नसतात, मोजून असतात. घरी ग्लुकोमीटर असेल तर नवीन फळ सुरू करताना दोन तासांनी एकदा रीडिंग घ्या, कुणाच्या फॉरवर्डपेक्षा ते जास्त खरं सांगेल.

२. सात दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

ही पायरी सांगितली की लोकांचे चेहरे पडतात. पण आधी कसं होतं हे लिहिलेलंच नसेल तर नंतर फरक पडला की नाही हे कळणार कसं? मूडची आठवण फार लबाड असते, आज बरं वाटत असलं की मागचा आख्खा महिना बरा गेला असं वाटतं.

रोज रात्री चार ओळी: झोप किती तास झाली, दुपारी ३ ते ५ मध्ये डोकं कितपत चाललं (१० पैकी), दिवसभराचा मूड (१० पैकी), आणि आज फळ काय खाल्लं व कधी. अॅप नको, वही बरी, कारण मोबाईल उघडला की आपण भलतीकडेच जातो. त्याच वहीत संध्याकाळी भूक लागल्यावर काय तोंडात टाकलं तेही लिहा. पायरी ६ मध्ये तेच लागणार आहे.

✔ तपासा: सात दिवसांनी वहीत कमीत कमी पाच दिवस भरलेले दिसतायत? नसतील तर अजून एक आठवडा लिहा.

३. किती खायचं ते हाताने मोजा

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसाला कमीत कमी ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या मिळून खाव्यात, बटाटा त्यात धरत नाहीत. याचे ८० ग्रॅमचे पाच भाग पडतात. त्यातले दोन ते तीन भाग फळांचे ठेवले की पुरे.

एक भाग म्हणजे मध्यम सफरचंद, केळं किंवा संत्रं एक, किवी किंवा प्लमसारखी छोटी फळं दोन, द्राक्षं किंवा बेरी ओंजळीत मावतील तेवढ्या. सुकवलेली फळं मात्र ३० ग्रॅमच, म्हणजे लहान मूठ. मनुका, खजूर, सुके अंजीर यांतलं पाणी गेलेलं असतं आणि साखर तशीच असते, त्यामुळे बोलता बोलता पाच फळांइतकी साखर पोटात जाते आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही.

सध्या तुम्ही शून्यावर असाल तर पहिल्या आठवड्यात एकच फळ, दुसऱ्यात दोन. एकदम तीन-चार सुरू केली की पोटात गॅस, मग "मला फळं सोसत नाहीत" असा निकाल लावून मोकळे. सफरचंद, नाशपती, आंबा, कलिंगड यांनी काही जणांचं पोट खरंच फुगतं, त्यांनी संत्रं, किवी, स्ट्रॉबेरी, थोडं कच्चटसर केळं यांनी सुरुवात करावी.

उलट्या टोकाची चूकही सांगते: आठवड्यातून एक दिवस "फक्त फळं". फळांत प्रोटीन नावापुरतं, बी१२ नाही, मेंदूला लागणारी ओमेगा-३ फॅट्स जवळपास नाहीत. बी१२ कमी असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, हातापायाला मुंग्या हे सगळं होतं आणि त्यावर टोपलीभर फळंसुद्धा काही करू शकत नाहीत. तिथे रक्ततपासणीच लागते.

४. फळं निवडताना "सुपरफ्रूट" शब्द दिसला की पान उलटा

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, की मेंदूसाठी बेस्ट फळ कुठलं. माझं मत विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे, पण तरी तीन कप्पे करते.

पहिला कप्पा गडद रंगाचा: ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षं, डाळिंब, चेरी, प्लम. हा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. अमेरिकेतल्या १६,००० हून जास्त वयस्क नर्सेसच्या पाहणीत ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची स्मरणशक्ती सावकाश घसरताना दिसली, २०१२ साली ते छापून आलं. पण ही नुसती पाहणी होती, आणि बेरी खाणारी माणसं इतर बाबतीतही जपून राहणारी असू शकतात. बेरी आणि पालेभाज्यांवर भर देणारा माइंड डाएट ६०४ लोकांवर तीन वर्षं नीट चाचणी करून पाहिला तेव्हा, २०२३ मध्ये, दुसऱ्या गटापेक्षा ठळक फरक काही दिसला नाही. म्हणून बेरी खा, आवडत असतील तर जरूर खा, पण त्या महाग किंवा न मिळणाऱ्या असतील तर जीव काढू नका. फ्रोझन चालतात, साखर न घातलेल्या बघून घ्या.

दुसरा कप्पा सी व्हिटॅमिनचा, आणि मला विचाराल तर हाच लोक हलक्यात घेतात. मेंदूत डोपामाइनपासून नॉरअॅड्रेनलिन बनवायला (दोन्ही मेंदूची निरोप पोचवणारी रसायनं) सी व्हिटॅमिन लागतं, आणि ते कमी पडलं की थकवा आणि उदासपणा ही अगदी सुरुवातीची लक्षणं असतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ७५ ते ९० मिलिग्रॅम लागतं असं बऱ्याच ठिकाणी धरतात. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, किवीत ९० च्या आसपास, संत्र्यात ५० च्या आसपास. न्यूझीलंडमध्ये सी व्हिटॅमिन कमी असलेल्या लोकांना रोज दोन किवी दिल्या तेव्हा चार दिवसांतच त्यांचा मूड आणि उत्साह सुधारायला लागला होता. आता यातलं "कमी असलेल्या" हे नीट वाचा. ज्यांचं आधीच भरपूर आहे त्यांनी डबल खाल्लं म्हणून डबल आनंद नाही होत, जास्तीचं लघवीवाटे जातं.

तिसरा कप्पा तंतूंचा: सालासकट सफरचंद आणि नाशपती, पेरू, पपई, केळं. तंतू मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरियांचं खाणं आहे, ते त्यावर ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतडं व मेंदू यांच्यात नसा, हार्मोन, इम्युनिटी अशा वाटांनी सतत बोलणं चालू असतं.

रोज तीनपैकी दोन कप्प्यांतलं एकेक फळ आलं की झालं. चार्ट बनवून फ्रिजवर लावू नका, कुणीच पाळत नाही.

आणि केळ्याबद्दल एकदाचं: केळ्यात सेरोटोनिन (मूडशी जोडलं जाणारं रसायन) असतं म्हणून केळं खाल्लं की आनंद होतो, हे खरं नाही. सेरोटोनिन असतं, पण पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मधे गाळणी आहे. केळं इतर कारणांसाठी खा, ते चांगलंच आहे.

⚠️ लहान मुलांसाठी: कच्ची लिची उपाशीपोटी, विशेषतः रात्रीचं न जेवलेल्या मुलांना, देऊ नका. त्यातल्या द्रव्यांमुळे रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते आणि मेंदूवर बेतू शकतं.

५. फळ डोळ्यांसमोर आणि हाताशी आणा

इथे खरी लढाई आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने १८ ते २५ वयाच्या १७१ मुलामुलींवर दोन आठवडे एक प्रयोग केला. काहींना फळं-भाज्या हातात आणून दिल्या, काहींना फोनवर आठवणीचे मेसेज आणि खरेदीचं व्हाउचर दिलं. उत्साह, काम करायची इच्छा यात सुधारणा झाली ती हातात आणून दिलेल्यांची, मेसेजवाल्यांची नाही. (डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या लक्षणांत मात्र दोन आठवड्यांत फरक नव्हता, हेही त्यातच लिहिलंय, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.) तेव्हा मोबाईलवर "फळ खा" असा अलार्म लावून काही होत नाही, मी दोन वर्षं लावून बघितलाय, अलार्म बंद करायची सवय तेवढी लागली.

क्रम असा ठेवा. बाजारातून आणल्यावर केळी वेगळी ठेवा, सफरचंदंही वेगळी, कारण दोन्हींतून इथिलीन गॅस निघतो आणि शेजारची फळं भराभर पिकतात, तुम्हाला पिकवायचीच असतील तर उलट जवळ ठेवा. बेरी आणि द्राक्षं आणल्या आणल्या धुऊन डब्यात भरू नका, ओलाव्याने बुरशी येते, खायच्या आधी धुवा. धुताना वाहतं पाणी पुरतं, साबण किंवा डिटर्जंट नाही. जी सोलायची आहेत तीही सोलायच्या आधी धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कापलेलं फळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, खरबूज-कलिंगडाला हे जास्तच लागू.

मग नुसतं तोंडात टाकता येईल अशी दोन फळं जिथे तुम्ही दुपारी बसता तिथे ठेवा. स्वयंपाकघरात नाही, बसता तिथे. फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेलेलं फळ म्हणजे गेलंच समजा, ते आपल्याला थेट वास आल्यावर भेटतं.

✔ तपासा: बसल्या जागेवरून न उठता फळाला हात पोचतोय का? बिस्किटाच्या डब्याला पोचतोय आणि फळाला नाही, तर दोघांच्या जागा बदला.

६. अख्खं, चावून, आणि कशाच्या तरी जागी

तीन शब्द आहेत, तिन्हीवर वेळ घालवते कारण बहुतेक चुका इथल्याच.

*अख्खं आणि चावून.* मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के, पण एनर्जी खातो साधारण २० टक्के, आणि त्याला ग्लुकोज सरळ रेषेत मिळालेलं आवडतं, झोक्यासारखं नाही. १९७७ साली एक साधासुंदर प्रयोग झाला: त्याच माणसांना तेवढीच साखर असलेलं अख्खं सफरचंद, सफरचंदाची प्युरे आणि ज्यूस असं वेगवेगळं दिलं. ज्यूस अख्ख्या सफरचंदापेक्षा ११ पट वेगाने संपला, पोट कमी भरलं, इन्सुलिन जास्त वाढलं आणि नंतर रक्तातली साखर जास्त खाली गेली. सकाळी १० वाजता ज्यूस आणि ११.३० ला डोकं जड, हे का होतं ते आता कळलं असेल. जागतिक आरोग्य संघटनाही ज्यूसमधली साखर चमच्याने घातलेल्या साखरेच्याच रकान्यात धरते. घरचा, ताजा, साखर न घातलेला, तरी. प्यायचाच असेल तर दिवसाला १५० मिली, म्हणजे छोटा कप, आणि जेवणाबरोबर.

स्मूदीचं काय? ज्यूसपेक्षा बरी, तंतू राहतात. पण एक गंमत आहे. केळं कापून ठेवलं की ज्या एन्झाईममुळे काळं पडतं, तेच एन्झाईम बेरी आणि कोकोतली फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं मिक्सरमध्येच मोडून टाकतं. २०२३ साली छोट्या गटावर मोजलं तेव्हा केळं घातलेल्या स्मूदीनंतर रक्तात फ्लॅव्हनॉल ८४ टक्के कमी पोचलेलं आढळलं. म्हणजे महागाच्या बेरी आणि केळं एकत्र फिरवणं हा चक्क तोटा आहे. बेरी दह्यात घाला, केळं वेगळ्या वेळी खा.

*कशाच्या तरी जागी.* आता वही उघडा. संध्याकाळी जे तोंडात टाकत होतात, त्यातली एकच गोष्ट निवडा आणि तिच्या जागी फळ आणा. बिस्किटं खाऊन वर फळ, हे बेरीज झालं, अदलाबदल नाही. फक्त फळाने तासाभरात परत भूक लागत असेल तर सोबत मूठभर बदाम, अक्रोड किंवा शेंगदाणे घ्या.

वेळेबद्दल फार डोकं लावू नका. फळ उपाशीपोटीच खावं, जेवणाबरोबर खाल्लं की पोटात सडतं, असं सर्रास सांगितलं जातं, पण जठरातल्या आम्लात तसं काही सडत बसत नाही. उलट कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शोषून घ्यायला सी व्हिटॅमिन मदत करतं, त्यामुळे पेरू, संत्रं, किवी हे जेवणातच घेतलेलं बरं, आणि चहा-कॉफी तासभर लांब ठेवा. लोह कमी असलं की थकवा आणि लक्ष न लागणं दोन्ही येतं, तेव्हा ही जोडी मेंदूच्याच कामाची आहे.

⚠️ आंबट फळ खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या, पाण्याने चूळ भरलीत तर चालेल. दातावरचं आवरण तेवढ्या वेळापुरतं मऊ झालेलं असतं.

७. सहा आठवड्यांनी वही उघडा, त्याआधी नाही

रोज रोज स्वतःला "काय, बरं वाटतंय का" विचारत बसलात तर उत्तर हवामानावर आणि बॉसवर ठरेल. सहा आठवडे लिहीत राहा, मग पहिल्या सात दिवसांची सरासरी आणि शेवटच्या सात दिवसांची सरासरी शेजारी मांडा. दुपारचा आकडा वर गेला आणि मूडचा तिथेच राहिला, असं होऊ शकतं, तोही फरकच आहे. काहीच हललं नसेल तर फळं वाढवू नका, झोपेचा रकाना बघा, पाच तासांची झोप असेल तर फळ बिचारं काय करणार.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट खाऊन भरपाई नको. चुकला, लिहा, पुढे चला.

⛔ सहा आठवडे थांबायचं नाही, असं कधी: दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ उदास वाटतंय, आवडत्या गोष्टीतही मन लागत नाही, झोप किंवा भूक पार बिघडलीय, तर लगेच डॉक्टर. जीव नकोसा वाटणं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटणं, यात तर एक दिवसही नाही, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या. बोलताना शब्द न सापडणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हेही वहीत लिहून वाट बघण्यासारखं नाही. चालू असलेली गोळी "आता फळं खातेय ना" म्हणून स्वतःहून बंद करायची नाही.

डॉक्टरकडे जाताना वही आणि पहिल्या पायरीतला औषधांचा कागद दोन्ही सोबत न्या. फळांबद्दल ते बहुधा विचारणार नाहीत, तुम्हीच पान उघडून समोर ठेवा, आणि वहीत ग्रेपफ्रूट किंवा पपनस असेल तर त्याच्याखाली घरूनच पेनाने रेघ मारून न्या.